प्लेटलेट्स आणि रक्ताची गुठळी: या विषयात संशोधक म्हणून घडण्यासाठी

बोटाला कापले की काही मिनिटांत रक्त आपोआप थांबते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत तशीच गुठळी धरली, तर मात्र माणसाच्या जिवावर बेतते. दोन्ही ठिकाणी पुढाकार घेणारी पेशी एकच, ती म्हणजे प्लेटलेट. मराठी ग्रंथांत तिला बिंबाणू असेही म्हटलेले आढळते. तिचा व्यास अवघा २ ते ३ मायक्रोमीटर. तिला केंद्रक नसते. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या अवाढव्य पेशीचा तुकडा सुटून ती जन्माला येते आणि रक्तात ७ ते १० दिवस फिरून नाहीशी होते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात अशा साधारण १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट्स असतात. ज्यांना या पेशीच्या अभ्यासाला आयुष्यातला मोठा काळ द्यायचा आहे, त्यांनी सुरुवात कशी करावी, हात कसा बसवावा, प्रश्न कसा निवडावा आणि पुढे स्वतःची प्रयोगशाळा उभी करताना काय सांभाळावे, हे येथे सांगायचे आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इजा ओळखून तिला प्रतिसाद देणे, हेच प्लेटलेटचे काम आहे. सुई टोचली, काच लागली, नळी जोरात हलली, की तिच्या लेखी ती इजाच असते आणि ती कामाला लागते: चकतीसारखा आकार सोडून गोल होते, अंगाला बारीक शिंगे फुटावीत तशी टोके बाहेर काढते, आतल्या कणिकांमधील द्रव्ये बाहेर टाकते आणि शेजारच्या प्लेटलेट्सना चिकटते. म्हणजे तिला पाहण्यासाठी आपण जे जे करतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींनी ती बदलते. या क्षेत्रातले निम्मे कौशल्य तिला शांत ठेवण्यात आहे; दिसलेल्या गोष्टीतला किती भाग तिचा आणि किती आपल्या हातांचा, हे ओळखण्यात उरलेले निम्मे आहे.

पूर्वतयारी

जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी, यांपैकी कोणत्याही वाटेने या विषयात येता येते. प्रत्येक वाटेने येणाऱ्याचे काही ना काही शिकायचे राहिलेले असते, एवढे मात्र ओळखून असावे. जीवशास्त्रातून आलेल्याला वाहत्या द्रवाचे भौतिकशास्त्र सहसा ठाऊक नसते, आणि रक्त तर सतत वाहते. वैद्यकातून आलेल्याला रुग्ण कळतो, पण प्रथिनांच्या शुद्धीकरणात हात अडखळतो. संख्याशास्त्र तर बहुतेकांचेच कच्चे असते. आपली उणीव पहिल्या वर्षातच शोधून ती भरून काढायला लागावे. पुढे प्रबंध लिहिण्याच्या धावपळीत त्यासाठी वेळ मिळत नाही.

वाचनाची सुरुवात या विषयाच्या इतिहासापासून करावी, असा माझा आग्रह आहे. इटलीतील तुरिन येथे काम करणाऱ्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये प्लेटलेट हा रक्तातला स्वतंत्र घटक असल्याचे दाखवले आणि जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिनीला इजा झाल्यावर या पेशी भिंतीला जाऊन चिकटतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या मेगाकॅरिओसाइटपासून निघतात, हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये मांडले. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये अगदी साधी युक्ती वापरली: प्लेटलेट्सने गढूळ झालेल्या रक्तद्रवातून प्रकाश सोडायचा आणि त्यांचे पुंजके बनू लागले की द्रव किती निवळतो, ते मोजायचे. या एका युक्तीने औषधांचा परिणाम आकड्यांत मांडता येऊ लागला, आणि ॲग्रिगोमीटर हे उपकरण जन्माला आले. हे सगळे वाचताना कोणाला श्रेय मिळाले यापेक्षा, कोणत्या साधनामुळे कोणता प्रश्न विचारणे शक्य झाले, याची नोंद वहीत करत जावी.

गोठण्याच्या रसायनाची गोष्टही अशीच वाचावी. रक्तातील घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी थ्रॉम्बिन या विकरामुळे (एन्झाइममुळे) फायब्रिनचे धागे तयार होतात, ही साखळीची कल्पना १९६४ मध्ये मॅकफार्लेन यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्ही व रॅटनॉफ यांनी मांडली. त्या साखळीच्या एका टोकाला बारावा घटक आहे. जॉन हेगमन या रुग्णात हा घटक नव्हता. काचेच्या नळीत त्यांचे रक्त गोठायला अतोनात वेळ लागे. प्रत्यक्षात मात्र त्यांना रक्तस्रावाचा त्रास नव्हता, आणि १९६८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो फुप्फुसात गुठळी अडकून. बारावा घटक काचेच्या स्पर्शाने जागा होतो. जखमेतले रक्त थांबवायला शरीराला त्याची गरज पडत नाही. नळीतले सत्य आणि शरीरातले सत्य यांत किती अंतर असू शकते, हे याहून चांगले शिकवणारे उदाहरण मला माहीत नाही.

मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा

प्रयोगशाळा निवडताना शोधनिबंधांची यादी पाहावीच, पण तेवढ्यावर ठरवू नये. ताजे रक्त नियमित मिळते का, ते कोण काढते, रक्तदाते कोण आहेत, नैतिकता समितीची परवानगी चालू आहे का, हे आधी विचारावे. ताज्या रक्ताची सोय नसलेल्या ठिकाणी प्लेटलेटवर प्रबंध करायला घेणे म्हणजे विहीर नसताना मळा लावणे. शक्य झाल्यास एक दिवस तिथे नुसते बसून काम पाहावे. रक्त आल्यावर लोक घाईने धावतात, की सगळे साहित्य आधीच मांडून शांतपणे कामाला लागतात, यावरून त्या प्रयोगशाळेची शिस्त कळते. तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलावे आणि न जमलेल्या प्रयोगांविषयी विचारावे. फसलेला प्रयोग मार्गदर्शकाला सांगता येतो का, या एका प्रश्नाचे उत्तर पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज देते.

पहिले सहा महिने: रक्त आणि हात

या काळात नवे काही शोधण्याची घाई करू नये. रक्त नीट घेणे आणि प्लेटलेट्स शांत अवस्थेत वेगळ्या करणे, एवढेच पुन्हा पुन्हा करावे. रक्त हाताळण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली असावी, आणि प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच हातमोजे घालून काम करावे. रक्तदात्याला प्रयोगाचा हेतू समजावून त्याची लेखी संमती घ्यावी, आणि ही संमती कागदापुरती राहू देऊ नये. तो आपल्या कामाचा भागीदार आहे.

सुई २१ गेजची, म्हणजे पुरेशी रुंद असावी. अरुंद सुईतून रक्त जोराने ओढले की प्लेटलेट्स तिथेच बिथरतात. दंडावरचा पट्टा हलका बांधावा आणि शीर सापडताच सैल करावा. पहिले काही मिलिलिटर रक्त बाजूला काढावे, कारण टोचलेल्या जागेतून निघालेले थ्रॉम्बिनचे अंश त्यात येतात. नंतरचे रक्त रक्त गोठू न देणारे ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेल्या प्लास्टिकच्या नळीत, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट या प्रमाणात घ्यावे. नळी चार-पाच वेळा अलगद उलटसुलट करावी. हलवून फेस आणू नये. मग ती खोलीच्या तापमानालाच ठेवावी. बर्फात किंवा शीतकपाटात कधीही ठेवू नये. थंडीने प्लेटलेटचा चकतीसारखा आकार जातो आणि अशा पेशी शरीरात परत सोडल्यास लवकर बाद होतात. याच कारणाने रक्तपेढ्यांतही रुग्णांना देण्याच्या प्लेटलेट्स सामान्यतः २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत मंद हलवत ठेवण्याची पद्धत आहे.

थोड्या विश्रांतीनंतर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये साधारण १५० ते २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) इतक्या मंद गतीने १० ते १५ मिनिटे फिरवावी, आणि यंत्राचा ब्रेक बंद ठेवावा. झटक्याने थांबवल्यास थर पुन्हा मिसळतात. वर येतो तो पिवळसर, किंचित दुधाळ रक्तद्रव. त्यातच प्लेटलेट्स असतात. त्यातला वरचा दोन-तृतीयांश भाग रुंद तोंडाच्या प्लास्टिक पिपेटने उचलावा. पांढऱ्या पेशींच्या थराजवळ जाण्याचा मोह टाळावा.

आता ती नळी उजेडासमोर धरून दोन बोटांत हलकेच फिरवावी. प्लेटलेट्स शांत असतील, तर आत रेशमी वस्त्र हलावे तशी चमकदार वळणे फिरताना दिसतात. चकत्या प्रवाहात एका दिशेने वळतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परततो, म्हणून ही चमक येते. प्लेटलेट्स जाग्या होऊन गोल झाल्या असतील, तर तोच द्रव निर्जीव गढुळासारखा दिसतो. कोणत्याही महागड्या यंत्राआधी ही चमक ओळखायला शिकावे. ती नसेल, तर त्या दिवशीचा प्रयोग तिथेच थांबवावा. एवढे रक्त मिळाले आहे तर काहीतरी करून पाहू, हा विचार सर्वांना येतो आणि दर वेळी महागात पडतो.

रक्तद्रवातील इतर प्रथिनांचा अडथळा नको असेल, तेव्हा प्लेटलेट्स धुऊन घ्याव्या लागतात. त्यासाठी पीएच ६.५ च्या आसपास आणून, प्रोस्टासायक्लिनसारखे शांतवणारे द्रव्य आणि सांडलेला एडीपी (प्लेटलेट्सना जागे करणारे द्रव्य) नष्ट करणारे ॲपायरेज हे विकर घालून त्या तळाशी बसवतात, आणि मग पीएच ७.४ च्या टायरोड द्रावणात परत मोकळ्या करतात. हे कृत्य पाहून शिकावे, वाचून जमत नाही. तळाशी बसलेल्या पेशींवर पिपेटने थेट धार सोडायची नाही, नळीच्या कडेने द्राव उतरवायचा, एवढी एक गोष्ट हाताला कळायला मला दोन महिने लागले. रक्त घेतल्यापासून साधारण चार तासांत मोजणी संपवावी. प्लेटलेट उद्यापर्यंत थांबत नाही. घरच्या वेळापत्रकाची आखणी करताना हे लक्षात ठेवावे.

रक्तदात्याला काय विचारावे, हेही शिकावे लागते. शिक्षणाच्या काळात एकदा प्लेटलेट्सचे पुंजके बनवणारे ॲरॅकिडोनिक ॲसिड घालूनही आलेख सपाटच राहिला. मी आठवडाभर द्रावण बदलून पाहिले, यंत्र तपासले, शेवटी नवीन आजार सापडल्याच्या आनंदात मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी रक्तदात्याला पुन्हा बोलावून विचारायला सांगितले. “कोणते औषध घेता का?” या माझ्या प्रश्नाला त्याने आधी प्रामाणिकपणे नाही म्हटले होते, डोके दुखल्यावर घेतलेली गोळी त्याच्या हिशेबी औषध नव्हती. ती ॲस्पिरिन होती. तेव्हापासून मी औषधांची नावे घेऊन विचारते: डोकेदुखीची, अंगदुखीची, सर्दीची गोळी गेल्या १० दिवसांत घेतली होती का?

दहाच दिवस का, हे समजून घेण्यासारखे आहे. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले; या क्षेत्रातील कामासाठी त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲस्पिरिन प्लेटलेटमधील सायक्लोऑक्सिजनेज या विकराला कायमचे जायबंदी करते, त्यामुळे प्लेटलेट्सना एकत्र आणणारे थ्रॉम्बॉक्सेन तयार होत नाही. इतर पेशी नवे विकर बनवून ही तूट भरून काढतात. प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणून तिला ती भरून काढता येत नाही. एका गोळीचा परिणाम त्या प्लेटलेट्सच्या मरणापर्यंत टिकतो आणि नव्या प्लेटलेट्स आल्यावरच ओसरतो. हृदयविकाराच्या रुग्णाला दिवसाकाठी ॲस्पिरिनची लहानशी मात्रा पुरते, त्यामागे हेच कारण आहे.

आलेख वाचायला शिकणे

ॲग्रिगोमीटरचा आलेख हे या विषयाचे अक्षर आहे. ३७ अंश सेल्सिअसला, लहानशी कांडी गरगर फिरत असताना द्रवात एडीपी सोडला की आधी रेषा क्षणभर उलट दिशेला जाते. तो आकार बदलल्याचा ठसा. मग पुंजके बनू लागतात आणि रेषा चढते. मात्रा कमी असेल तर ती थोडी चढून परत उतरते. मधल्या एका मात्रेला ती थबकते आणि पुन्हा चढते. या दुसऱ्या चढाला दुसरी लाट म्हणतात आणि कणिकांमधील द्रव्ये व थ्रॉम्बॉक्सेन बाहेर पडल्याची ती खूण मानतात.

ही दुसरी लाट बऱ्याच अंशी आपण घातलेल्या सायट्रेटची देणगी आहे. सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते, द्रवातील मुक्त कॅल्शियम शरीरातील पातळीपेक्षा कितीतरी खाली जाते, आणि अशा कमी कॅल्शियमच्या स्थितीतच मानवी प्लेटलेट्स एकमेकींजवळ आल्यावर एडीपीमुळे इतके थ्रॉम्बॉक्सेन बनवतात. कॅल्शियम शरीरातल्याइतके ठेवले तर तोच एडीपी ही लाट उठवत नाही. निदानासाठी ही लाट उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिच्यावरून जखमेत काय घडते ते सांगू लागलो, तर आपण शरीराऐवजी सायट्रेटविषयी बोलत असतो. रुग्णालयातही याचा भाऊबंद भेटतो: रक्त गोठू न देणारे ईडीटीए घातलेल्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आणि प्लेटलेट्स घटल्याचा खोटा अहवाल येतो. काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी पाहिले की उलगडा होतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत निकालाच्या शेजारी एक ओळ राखून ठेवावी: हे मी घातलेल्या कशामुळे दिसले असेल? ती ओळ रिकामी सोडू नये.

आलेख जमू लागल्यावर फ्लो सायटोमेट्रीकडे वळावे. तिथे एकेक प्लेटलेट वेगळी पाहता येते. कणिका बाहेर पडल्या की पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन दिसते, आणि फायब्रिनोजेन (फायब्रिनचे मूळ प्रथिन) धरणारा रिसेप्टर, म्हणजे पृष्ठभागावरचे ग्राहक प्रथिन, उघडला की पॅक-वन हे प्रतिपिंड त्याला चिकटते. रक्ताचे काही थेंब पुरतात, त्यामुळे लहान मुलांच्या नमुन्यांवरही काम होऊ शकते.

प्रश्न कुठून आणावा

या विषयातील सर्वांत फलदायी प्रश्न रक्तस्राव होणाऱ्या माणसांकडून आले आहेत. ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या प्लेटलेट्सची संख्या पुरेशी होती, पण त्यांचे काम होत नव्हते. पुढे कळले की त्यांच्यात एक इंटेग्रिन रिसेप्टर नसतो किंवा निकामी असतो. निरोगी प्लेटलेटवर तो सुमारे ८०,००० असतो आणि फायब्रिनोजेनच्या पुलाने एका प्लेटलेटला दुसरीशी जोडतो. बॅरी कोलर यांनी तोच रिसेप्टर अडवणारे प्रतिपिंड तयार केले, आणि त्यातून आलेले ॲब्सिक्सिमॅब हे औषध १९९४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्या उणिवेने काही कुटुंबांना आयुष्यभर रक्तस्राव सोसावा लागला, तीच उणीव काही तासांपुरती मुद्दाम निर्माण करून हृदयाच्या रोहिणीतील गुठळी रोखायची, असा हा विचार आहे.

एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये आलांड बेटांवरील एका कुटुंबाविषयी लिहिले. त्यांच्याकडे प्रथम आलेली मुलगी पाच वर्षांची होती. पुढे किशोरवयात मासिक पाळीच्या रक्तस्रावाने ती गेली. तिच्या आजाराच्या शोधातून सापडलेले प्रथिन आज वेगवान प्रवाहात प्लेटलेटला भिंतीशी बांधणारा दोर म्हणून ओळखले जाते. त्या प्रथिनाच्या तपासणीत वापरले जाणारे रिस्टोसेटिन हे मुळात प्रतिजैविक होते. ते घेणाऱ्यांच्या प्लेटलेट्स घटू लागल्यामुळे ते मागे घेण्यात आले, आणि ते प्लेटलेट्सना चिकटवते म्हणूनच १९७१ मध्ये निदानाच्या उपयोगी पडले. शोध नेहमी पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने लागतो असेही नाही. क्लोपिडोग्रेल हे प्लेटलेट्सना रोखणारे औषध १९९७ मध्ये मान्य झाले. ते ज्या पी२वाय१२ रिसेप्टरवर काम करते, त्याचे जनुक २००१ मध्ये हाती आले.

तेव्हा आठवड्यातून एकदा तरी रक्तविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसण्याची परवानगी मिळवावी. वैद्यकीय पदवी नसली तरी ऐकता येते. दात काढल्यावर तीन दिवस रक्त थांबले नाही, असे सांगणारी बाई आणि तिचे सर्व अहवाल नॉर्मल असल्याचे सांगणारा कागद, या दोघांच्या मधल्या फटीत चांगला प्रश्न असतो. प्रश्न निवडताना, उत्तर “हो” आले तरी आणि “नाही” आले तरी काहीतरी कळेल, असा निवडावा. “हो” आले तरच प्रबंध होईल, अशा प्रश्नावर विद्यार्थ्याची वर्षे लावणे मला अन्यायाचे वाटते.

उंदीर, प्रवाह आणि जनुके

प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिच्यात जनुक घालून किंवा काढून पाहता येत नाही. ते काम मेगाकॅरिओसाइटमध्ये, मूलपेशींपासून वाढवलेल्या पेशींमध्ये किंवा जनुक बदललेल्या उंदरांत करावे लागते. उंदराने या विषयाला भरभरून दिले आहे, तरी त्याला छोटा माणूस समजू नये. त्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात प्लेटलेट्स १० लाखांच्या घरात असतात आणि आकाराने लहान असतात. शॉन कॉफलिन यांच्या गटाने १९९१ मध्ये थ्रॉम्बिनचा पार-वन हा रिसेप्टर शोधला; मानवी प्लेटलेटवर पार-वन आणि पार-फोर असतात, उंदराच्या प्लेटलेटवर पार-थ्री आणि पार-फोर. पार-वन अडवणारे औषध साध्या उंदरावर तपासून काही हाती लागणार नाही, हे यावरून उघड आहे.

प्रवाहाचा विचार सुरुवातीपासून करावा. रोहिणीत भिंतीजवळ रक्ताचे थर एकमेकांवरून वेगाने घसरतात; या घसरणीचा दर सेकंदाला साधारण १,००० च्या पुढे गेला की फॉन विलेब्रांड प्रथिनाशिवाय प्लेटलेट भिंतीला धरून राहू शकत नाही, आणि अरुंद झालेल्या रोहिणीत हा दर १०,००० च्याही वर जाऊ शकतो. ढवळलेल्या नळीत हे काही दिसत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतले कोलॅजन हे प्रथिन लावलेल्या सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त सोडून पाहण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे. ती नसेल तर अभियांत्रिकीच्या सहकाऱ्याशी मैत्री करावी. आपल्याला जे वर्षभरात जमत नाही, ते त्याच्याकडे दुपारभरात होऊन जाते.

आकडे आणि प्रामाणिकपणा

तीन रक्तदात्यांचे रक्त घेऊन प्रत्येकाच्या सहा मोजण्या केल्या, तर आपल्याजवळ तीन निरीक्षणे असतात, अठरा नव्हे. ही चूक छापून आलेल्या शोधनिबंधांतही आढळते. माणसामाणसांतील प्लेटलेट्सच्या प्रतिसादात मोठा फरक असतो, म्हणून औषध घातलेला आणि न घातलेला, असे दोन्ही नमुने एकाच रक्तदात्याचे, एकाच दिवशीचे असावेत. कोणता नमुना वगळायचा याचा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवावा. आलेख मोजणाऱ्याला नळीत काय आहे हे ठाऊक नसावे. चमक गेलेल्या नमुन्याचा निकाल आपल्या कल्पनेला सोयीचा आला म्हणून ठेवला आणि गैरसोयीचा आला म्हणून टाकला, तर ती लबाडीच आहे, आणि तिची सुरुवात इतक्या लहान गोष्टीतून होते म्हणूनच तिच्यावर डोळा ठेवावा लागतो.

शोधनिबंधात पद्धतीचा भाग सविस्तर लिहावा: सुई, सायट्रेटचे प्रमाण, गती, तापमान, रक्त घेतल्यापासून गेलेला वेळ. इंटरनॅशनल सोसायटी ऑन थ्रॉम्बोसिस अँड हिमोस्टॅसिस ही संस्था १९६९ पासून काम करते आहे; तिच्या प्रमाणीकरण समितीने ॲग्रिगोमीटरच्या पद्धतीविषयी २०१३ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्या समोर ठेवून आपली पद्धत तपासावी आणि जिथे वेगळे केले, तिथे कारण द्यावे.

पीएचडीनंतर

पीएचडीत एक पद्धत पक्की हाताखाली यावी. पोस्टडॉकसाठी जाताना, जी पद्धत येत नाही ती शिकवणारी जागा निवडावी. नळीतल्या कामातून आलेल्याने जिवंत रक्तवाहिनी पाहणाऱ्या गटाकडे जावे, उंदरांतून आलेल्याने रुग्णांकडे. पोस्टडॉक संपताना मार्गदर्शकाशी एक संभाषण स्पष्टपणे करावे: यातील कोणता प्रश्न मी माझ्याबरोबर नेऊ शकतो? हे बोलायला संकोच वाटतो. पण न बोलल्यास दोन वर्षांनी एकाच विषयावर दोघांचे निधीचे अर्ज समोरासमोर येतात आणि नाते बिघडते.

निधीचा प्रस्ताव लिहिताना पहिल्या पानावर रुग्ण, दुसऱ्यावर यंत्रणा आणि तिसऱ्यावर आपल्या हातांनी मिळवलेला एक निर्विवाद आलेख असावा. प्रस्ताव नाकारला जाणे नेहमीचेच आहे. परीक्षकाचा शेरा दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचावा, राग ओसरला की त्यातला खरा भाग दिसतो. विद्यापीठातील पद हा एकच मार्ग नाही. रक्तपेढीतील संशोधन, गोठण्याच्या तपासण्यांच्या प्रयोगशाळा, औषधनिर्मिती आणि निदान-उपकरणे यांत प्लेटलेट हाताळता येणारी माणसे लागतात आणि सहजासहजी मिळत नाहीत.

स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली की हळूहळू पिपेट सुटते आणि कागद वाढतात. तसे होऊ देऊ नये. महिन्यातून एक सकाळ राखून ठेवावी, रक्त घेण्यापासून आलेखापर्यंत सारे स्वतः करावे, आणि नव्या विद्यार्थ्याला शेजारी उभे करावे. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर नळी त्याच्या हातात द्यावी, खिडकीकडे वळायला सांगावे आणि आत काय दिसते ते विचारावे. त्याला चमक दिसेपर्यंत आपण बोलू नये.